ओट्याची उंची

फ्रीलान्सिंगमध्ये सुट्टी नावाचा प्रकार नसतो. पण ‘ओटा फोडायलेत, तू ये’ असा आईचा फोन आला आणि लॅपटॉप बॅगेत कोंबून पुण्याहून थेट झरी गाठलं. परभणीजवळचं आमचं गाव.

घरचा ओटा कडप्प्याचा. गंमत बघा, आमच्या पायाखाली सगळा दख्खनचा काळा दगड, विहिरी त्यातच खोदलेल्या, पाटा-वरवंटाही त्याचाच. ओट्यावरचा दगड मात्र आंध्रातला! आई दरवर्षी लोणच्याची लिंबं चिरते तिथे त्यावर पांढुरका डाग आहे. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर, कुठलंही आंबट त्याला खातं. कितीही घासा, जात नाही, कारण तो डाग नसतोच, पॉलिशच गेलेलं असतं. मार्बलचंही तेच. त्यामुळे सीरियलमधलं पांढरंशुभ्र किचन बघून हुरळून जाऊ नका. तिथे कुणी फोडणी देत नाही!

मला तो डाग ठेवायचा होता. ‘रस्टिक लुक’ वगैरे. आई म्हणाली, ‘‘तुला फोटो काढायचेत. घासायला मी आहे.’’ विषय संपला. ग्रॅनाइट ठरलं.

परभणीत दुकानात मी सगळा होमवर्क दाखवला. सँपलवर पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटं थांबले. थेंब मुरून जागा काळपट झाली, म्हणजे हा दगड तेलही पिणार, सीलर लावावाच लागणार. दुसऱ्यावर लिंबू पिळलं, काही झालं नाही. मग एका ‘जेट ब्लॅक’वर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला. कापूस काळा! रंग मारलेला माल. दुकानदार चहा सांगायला म्हणून जो गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. जुन्या ओट्याला टेप लावून म्हणाले, ‘‘३० इंच. तेवढाच ठेवू.’’

आई दारातून म्हणाली, ‘‘माझी उंची कोण मोजायलंय?’’

कुणीच काही बोललं नाही. २८ वर्षांपूर्वी ओटा बांधला तो आजीच्या मापानं. आजी पाच फूटही नव्हती. आई साडेपाच. तिच्या कपाटातला कमरेचा पट्टा मी कितीदा पाहिला होता. ग्रॅनाइटवर तीन रात्री गूगल केलं, हे एकदाही विचारलं नाही.

मग तिला उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली खूण केली. ३६ इंच.

आता ओटा तयार आहे. निघताना मी सूचना देत होते. ॲसिड नको, भांड्यांचा सौम्य साबण पुरे, हळद सांडली की लगेच पूस, पाणी मुरायला लागलं की सीलर परत लावून घे. ‘‘मला शिकवायलीस का?’’ म्हणत ती कणीक मळत होती. ताठ उभी राहून.

डागाळलेला कडप्पा तिनं फेकू दिला नाही. मोरीत बसवून घेतलाय, कपडे धुवायला.