गोरोबाकाकांचं थापटणं

तेरच्या संग्रहालयात लोक मण्यांपाशी थांबतात, मातीच्या मूर्तींपाशी थांबतात. मी खापरांपाशी रेंगाळतो. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी गावाच्या पांढरीत, शेतांत सापडलेलं एकेक जमवण्यात आयुष्य घालवलं. त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं आणि आज त्याला त्यांचंच नाव आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तांतात त्याचा पत्ता दिलेला आहे: भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं. ते कापड गेलं, गाड्या गेल्या, बैल आणि व्यापारी गेले. राहिलं ते भाजलेलं. परळाची कड, रांजणाचा गळा, कुठल्याशा घागरीचं बूड. दोन हजार पावसाळे अंगावर घेऊनही हे तुकडे मातीत मिसळले नाहीत. त्याच कुंभारानं त्याच मातीचं घडवलेलं जे मडकं आव्यात गेलं नसेल, ते मात्र पहिल्याच वळवात विरघळलं असणार.

अशा गावी गोरोबाकाका कुंभारकाम करत होते. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. परंपरा समाधीचं साल शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७, असं सांगते. चैत्र वद्यात, उन्हाचा कहर चालू असताना, तिथं यात्रा भरते. सगळ्या संतमेळ्यात वयानं वडील म्हणून ते काका. आमच्याकडं जुनी माणसं त्यांचं नाव घेताना हे नातं कधी गाळत नाहीत.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण ती सांगण्यातही सुख आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव असे सगळे एकदा काकांच्या घरी जमले होते. मुक्ताबाईची नजर तिथल्या थापटण्यावर गेली. हे कशाला, काका? मडकी पारखायला. मग आम्हीसुद्धा मडकीच की; बघा बरं, आमच्यातलं कोण भाजलंय आणि कोण राहिलंय. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेव कळवळले, रागावले, रडले. काकांनी निकाल दिला: हे एक मडकं कच्चं आहे. हा प्रसंग पंढरपुरात घडला असंही सांगतात. तेरकर तो आपल्याच गावचा मानतात, आणि मला त्यांचं पटतं. थापटणं हाताशी असायला घर कुंभाराचंच हवं.

कीर्तनात हा भाग आला की मंडप हसतो. बुवा चिपळ्यांनी हवेत थापटतात, चिमुकल्या मुक्ताबाईचा आवाज काढतात, पुढं बसलेली पोरं खिदळतात. मी लहानपणापासून ते पाहत आलो आहे आणि माझं मन दरवेळी त्या हशातून निसटून नामदेवांपाशी जाऊन बसतं. त्यांचं काय झालं असेल? शिंप्याचं पोर. त्यानं ठेवलेला नैवेद्य विठ्ठलानं खरोखर खाल्ला, अशी ज्याची ख्याती. देवाशी ज्याचं रोजचं बोलणं, रुसणं, भांडणं. आणि त्याला चारचौघांत, एका लहान मुलीच्या सांगण्यावरून, एक कुंभार डोक्यात लाकूड मारून सांगतो की तू अजून झाला नाहीस. नामदेवांच्या त्या रडण्याला मी कधी हसू शकलो नाही.

कुंभाराचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना त्या निकालाचा वेगळा पैलू दिसेल. चाकावरून उतरलेलं मडकं बुटकं आणि जाड असतं. तोंड तेवढं पुरं झालेलं असतं, अंग बोजड. ते सावलीत थोडं सुकू देतात. मग कुंभार एका हातात गुळगुळीत गोळा घेऊन तो हात मडक्याच्या पोटात घालतो, आणि दुसऱ्या हातातलं थापटणं बाहेरून मारू लागतो. जिथं बाहेरून मार, तिथं आतून हात असलाच पाहिजे. तो चुकला की ओली भिंत फाटते. थापटत थापटत भिंत पातळ होते, पोट भरत जातं, पुन्हा सुकवायचं, पुन्हा थापटायचं. मारण्याचा आवाजही जोराचा नसतो, एका लयीत येणारा, मऊ. शेवटी आवा. वरून गोवऱ्या, पाचट, राख. आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. निघालेलं मडकं गिऱ्हाईक बोटाच्या पेरानं वाजवून घेतं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. आणि एखादं नीट भाजलं नसेल तर कुंभार त्याच्यावर रागावत नाही. माती चांगली आहे, घडणही चांगली आहे, आच कमी पडली, एवढंच त्याला म्हणायचं असतं. ते मडकं तो पुढच्या आव्याला लावतो. काकांनी नामदेवांना जे सांगितलं ते मला या जातीचं वाटतं. एका कारागिरानं दुसऱ्याच्या घडणीबद्दल दिलेली ती माहिती होती, आणि ती खरी होती.

नामदेवांना त्या क्षणी ती तशी ऐकू आली नाही, यात नवल काहीच नाही. ते तडक पंढरीला गेले आणि विठ्ठलापुढं गाऱ्हाणं घातलं. इथं गोष्ट मोठी होते. भक्ताची बाजू घेणं देवाला सोपं होतं. त्यानं ती घेतली नाही. काका बरोबर बोलले, म्हणाला. तुला गुरू हवा, विसोबा खेचरांकडं जा. देव समोर उभा आहे, हवं ते देऊ शकतो, आणि तो एका माणसाचा पत्ता देतो. ज्याचं थेट देवाशी जमलंय त्यानं उठून कुणा माणसाच्या दारात जावं, आणि मला येत नाही, शिकवा, असं म्हणावं. याहून अवघड सांगणं कोणतं असेल?

ते गेले. औंढा नागनाथला, असं बहुतेक सांगतात. काही जण बार्शीचं नाव घेतात. औंढा धरलं तर पंढरपूरपासून आजच्या रस्त्यानंही ३०० किलोमीटरच्या वर पडतं. वाट अशाच माळांची, बाभळींची, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांची. कथेत या वाटेबद्दल कुणी काही सांगत नाही. कथेला पोचायची घाई असते. मला ती वाट फार महत्त्वाची वाटते. दुखावलेला माणूस वाटेत कितीदा तरी मागं फिरू शकतो. कुणी पाहत नसतं. मुक्कामाच्या धर्मशाळेत पडल्या पडल्या मनात येत असणार, की कशाला जायचं, लोक मला संत म्हणतातच की. नामदेव मागं फिरले नाहीत. त्यांच्या थोरवीचा खरा दिवस कोणता, असं मला विचाराल तर मी त्या चालण्यातला कुठलाही एक दिवस सांगेन.

देवळात पोचले तर काय पाहतात? एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला. ज्याच्याकडं शिकायचं तो असा. नामदेवांनी त्यांना हटकलं. विसोबा म्हणाले, बाबा रे, मी थकलोय, जिथं पिंड नसेल तिथं माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव वाकले. आयुष्यभर विठ्ठलाच्या पायांना लागलेले हात त्यांनी एका अनोळखी म्हाताऱ्याच्या पायांना लावले, ते पाय उचलले, बाजूला ठेवले. तिथं पिंड. पुन्हा उचलले, दुसरीकडं ठेवले. तिथंही पिंड. कीर्तनकार इथं चमत्कारावर जोर देतात. मला ते हात दिसतात. शिष्य होण्याआधीच शिष्याचं काम सुरू झालं होतं: सांगितलं ते करायचं, पटलं नसताना करायचं, पुन्हा करायचं. देव नाही अशी जागा नाही, हे विसोबांनी तोंडानं समजावलं असतं तर पंढरीच्या एका मूर्तीवर जीव जडवलेल्या नामदेवांना ते पोचलं असतं का, मला शंका आहे. पाय उचलून ठेवता ठेवता ते पोचलं.

या विसोबांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. त्यांनीच कधीकाळी ज्ञानदेवादी भावंडांचा छळ केला होता. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, तेव्हा त्यांनी कुंभारांना बजावून ठेवलं की हिला खापर देऊ नका. मग ज्ञानदेवांनी योगाग्नीनं पाठ तापवली आणि मुक्ताबाईनं तिच्यावर मांडे भाजले, अशी कथा. ते पाहून विसोबांचा ताठा गेला आणि त्यांनी त्या पोरांचे पाय धरले. ज्यानं कुंभाराच्या दारातून एका मुलीला रिकाम्या हातानं परतवलं, त्याच्याच दारी पुढं कुंभाराच्या शब्दावरून नामदेव आले. जो स्वतः एकदा वाकला होता, त्याच्याकडंच देवानं त्यांना पाठवलं होतं.

आणि काका? त्यांची कथा मी दर खेपेला जड मनानं ऐकतो. नामात रंगून माती तुडवताना पोटचं लेकरू पायाखाली आलं. त्या आईच्या आकांतावरून आपली कीर्तनं फार लवकर पुढं सरकतात. नंतर हात गेले. हात नसलेल्या कुंभाराच्या घरी विठ्ठल मजूर होऊन राहिला, त्यानं चाक फिरवलं, मडकी घडवली, बाजारी नेली. म्हणजे लोकांनी आपल्या या काकांना परीक्षा घेणारा म्हणून जसं लक्षात ठेवलं, तसं दुसऱ्याच्या हातांवर जगलेला माणूस म्हणूनही ठेवलं.

पुढचे नामदेव सगळ्या देशाचे झाले. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. चोखोबांनी त्यांना गुरू मानलं. २०१५ साली ८८वं साहित्य संमेलन घुमानला भरलं. पाचच वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, ९३वं धाराशिवला भरलं आणि त्या संमेलननगरीला नाव दिलं होतं गोरोबाकाकांचं. पंढरीच्या महाद्वारातली पहिली पायरी नामदेवांची. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय आपल्याला लागावेत, ही त्यांची इच्छा. विसोबांचे पाय उचलणाऱ्या हातांनीच ती इच्छा धरली असणार.

तेरच्या या धाराशिव जिल्ह्यात राहून हे सगळं जुनं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मृगाआधी आमच्याकडं सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची परीक्षा घ्यावी, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्याभरानं उघडून मोड मोजायचे. सत्तरच्या पुढं उगवले तर बियाणं चांगलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज चाढ्यावर मूठ धरू नका, हेही सांगतो. फुकटचं, साधं सांगणं. तरी बांधावर ऐकू येतं, आम्हाला कोण शिकवणार? या वाक्यामागं उद्धटपणा थोडाच असतो. पिढ्यान् पिढ्या ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, त्याला दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे आणखी एकदा हरणं वाटतं.

१९९३च्या भूकंपानंतर इथल्या बायकांनी हे ओलांडलं. सास्तूर भागातल्या पडक्या घरांच्या कामात त्या इंजिनियरांना प्रश्न विचारायला शिकल्या. पुढं ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या आधारानं त्यांच्यासारख्या कितीतरी जणींनी घरच्यांकडं एक एकर मागितलं, त्यात घरी खायची धान्यं, डाळी, भाज्या लावल्या, एकमेकींना विचारत विचारत शेती केली. त्या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मागितल्यानं त्या बायका लहान झाल्या, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पुरुषांना मात्र ते अजून फार जड जातं. कर्ज थकलेलं असतं, शेंगा पावसात काळ्या पडलेल्या असतात, आणि तरी माणूस पारावर हसून बोलतो, कुणापुढं हात पसरणार नाही म्हणतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं येत आहे. प्रत्येक बातमीमागं न चाललेली एक वाट असते, न वाजवलेली एक कडी असते. नापिकी, भाव, सावकार ही कारणं खरीच आहेत आणि त्यांचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण जाब मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे.

म्हणून माझं मागणं दोघांकडं आहे. ज्याचं अडलंय त्यानं नामदेवांसारखं निघावं: भावाकडं, जुन्या मास्तरांकडं, शेजारच्या बांधावर. आणि ज्याच्या दारी कुणी येईल त्यानं, मडक्याच्या पोटातल्या काकांच्या हातासारखा, आतून हात धरावा, उपदेश नंतर. घरातल्या, ओळखीतल्या कुणाशीच बोलवत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मराठीत बोलता येतं.