नावडेची ग्रामसभा कुठे गेली?

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि नावडे, तोंडरे, पेंधर, घोट, रोहिंजण, धानसर अशी २९ गावं एका दिवसात शहरात जमा झाली. पनवेल नगरपालिका १८५२ सालची, त्यामुळे पनवेलकरांना पालिकेची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. गावांना माहीत होती ती ग्रामपंचायत. महापालिकेमुळे गावांना काय मिळणार, यावर तेव्हा खूप बोललं गेलं. काय जाणार, हे कुणी विचारलं नाही. गेली ती ग्रामसभा.

शहरांच्या कारभारातला लोकसहभाग हा माझ्या अभ्यासाचा आणि प्रशिक्षणाचा विषय आहे. ‘लोक येत नाहीत, आले तर भांडतात’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांकडून सतत ऐकतो. माझं म्हणणं असं की, लोकांना बोलावलं जातं ते निर्णय झाल्यावर. मग भांडणाखेरीज त्यांच्या हाती उरतं काय?

ग्रामसभेचं मी उगाच कौतुक करत नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या आणि सह्या घरोघरी फिरवून उरकलेल्या सभा महाराष्ट्राने भरपूर पाहिल्या आहेत. तरी कायद्याने वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात, आणि तिथे कुणीही बाई उभी राहून नळपाणी योजनेच्या खर्चाबद्दल सरपंचाला सगळ्यांसमोर विचारू शकते. तो प्रश्न इतिवृत्तात जातो. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत बोलतो तो नगरसेवक. रहिवाशाने गॅलरीत बसून ऐकायचं. अर्ज, निवेदन, मोर्चा एवढेच मार्ग त्याच्याकडे राहतात.

याची किंमत पनवेलने मालमत्ता कराच्या वादात मोजली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या वसाहतींमधले लोक सिडकोला सेवाशुल्क भरत होते. महापालिकेची बिलं हातात पडली ती २०२१च्या सुमारास, आणि आकारणी होती थेट ऑक्टोबर २०१६ पासूनची. वर थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती. खारघर, कामोठे, कळंबोली, नावडे सगळीकडे एकच सवाल होता: एकाच काळासाठी दोघांना पैसे का द्यायचे? प्रकरण न्यायालयात गेलं. पालिकेला कर हवाच, त्याशिवाय ती चालणार कशी? पण बिल छापण्याआधी प्रत्येक वसाहतीत बसून ‘सिडकोकडून कोणती सेवा कधी आमच्याकडे येणार, तिला खर्च किती, तुमचा वाटा किती’ एवढं मांडलं असतं, तर वाद मिटला नसता कदाचित, पण इतका चिघळलाही नसता, असं मला ठामपणे वाटतं.

ग्रामसभेची शहरी वारस कायद्यात आहे. तिचं नाव क्षेत्रसभा. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये त्या समित्यांच्या खालच्या पातळीवर क्षेत्रसभेची तरतूद केली. लगतच्या काही मतदान केंद्रांचे मतदार ते सदस्य, नगरसेवक तो अध्यक्ष. राज्यभर ही तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. पनवेलमध्ये तर पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकच होते. सभागृहच नव्हतं, तिथे क्षेत्रसभा कोण घेणार? शिवाय बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. चौघांपैकी अध्यक्ष कोण, हे महापालिकेने क्षेत्रागणिक नावानिशी जाहीर केलं नाही, तर जबाबदारी कुणाचीच राहणार नाही.

नावडेत ही सभा भरवायची तर इथलं जगणं बघून भरवावी लागेल. शेजारी तळोजा एमआयडीसी, म्हणजे घरोघरी पाळीचे कामगार. सकाळी अकराची सभा त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. वेळ रविवार संध्याकाळची हवी, आणि जागा एकदा गावठाणात, एकदा वसाहतीत. गावठाणातल्या आगरी कुटुंबांच्या जमिनी सिडकोने घेतल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, ती आठवण इथे जिवंत आहे. सरकारी कागदाबद्दलचा संशय तिथून येतो आणि तो आधी समजून घ्यावा लागतो. वसाहतीतले बरेच जण भाडेकरू, त्यांची नावं गावाकडच्या मतदारयादीत. कायद्याने ते सदस्य होत नाहीत, पण पाणी तेही इथलंच पितात. त्यांना बोलू द्यायला कुणाचीही आडकाठी नसावी.

दुसरी अडचण खात्यांची. रात्री रसायनांचा उग्र वास सुटला की तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, कासाडी नदीत कारखान्यांचं पाणी आलं की मंडळ आणि एमआयडीसी दोघांकडे, भूखंडाचा प्रश्न सिडकोकडे, वीज महावितरणकडे. रहिवाशाने हा नकाशा पाठ का करावा? तक्रार पालिकेने घ्यावी, योग्य खात्याला पाठवावी आणि उत्तर स्वतः आणून द्यावं. माणसाचं घर पालिकेच्या हद्दीत आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

उत्तर आणून देणं, यातच सगळ्यात जास्त उणीव दिसते. पुण्याने २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. उपक्रम मोलाचा; पण आपल्या सूचनेचं पुढे काय झालं हे कळत नाही, ही तिथल्या कार्यकर्त्यांची तक्रार जुनी आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकसहभागातून अर्थसंकल्प ठरवण्याची पद्धत सुरू केली तेव्हा वर्षाच्या सभांची सुरुवातच गेल्या वर्षीच्या कामांच्या हिशेबाने व्हायची. नाकारलेल्या मागणीचं कारण तोंडावर सांगितलं तर लोक ऐकून घेतात, पुन्हा येतात. दुसऱ्या सभेला माणसं रोडावतात ती मागणी फेटाळल्यामुळे कमी आणि मौनामुळे जास्त.

नवं सभागृह आता बसलं आहे. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो, तेव्हा नावडेची पहिली क्षेत्रसभा दिवाळीनंतर महिन्याभरात व्हायला हवी. विषयपत्रिकेवर दोनच गोष्टी पुरेत: या भागातून कर किती जमला आणि इथे खर्च किती झाला, याचा मराठीत छापलेला एका पानाचा तक्ता, आणि पुढच्या वर्षी आधी कोणतं काम घ्यायचं, यावर हात वर करून मतदान.