ओहोटीची शिफ्ट

सानूरच्या किनाऱ्यावर बोटवाल्याने आधी माझं तिकीट बघितलं, मग माझे स्नीकर्स बघितले आणि एका प्लास्टिकच्या टोपलीकडे बोट दाखवलं. शूज त्यात टाकायचे, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि लाटा चुकवत पाण्यातून चालत बोट गाठायची. (आता तिथे झकास बंदर झालंय. मी गेले जून २०२२ मध्ये, ते सुरू व्हायच्या काही महिने आधी.) चाळीसेक सीट्सची स्पीडबोट आणि प्रवासी मोजून नऊ. त्यातले सहा सणासाठी घरी निघालेले तिथलेच लोक. उरलं एक ऑस्ट्रेलियन जोडपं आणि अस्मादिक!

खरं सांगायचं तर मी गेले ती डील बघून. २०२० मध्ये माझी नोकरी गेली, मग दोन वर्षं घरच्या डायनिंग टेबलवर बसून मिळेल ते लिहिलं आणि हातात पहिले बरे पैसे आल्याबरोबर बालीचं तिकीट काढलं, सिंगापूरमार्गे. समुद्रासमोरची खोली निम्म्याहून कमी भावात मिळाली होती. मैत्रिणींच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून मी सॉलिड भाव खाल्ला होता.

पत्ता होता नुसा लेंबोंगान. बालीच्या आग्नेयेला, बोटीने अर्ध्या तासावर, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं बेट. दुपारी स्कूटर काढली की चहाच्या वेळेपर्यंत सगळं बघून होतं. मशरूम बे, ड्रीम बीच, लाटा खडकावर आपटून उंच उसळतात ते डेव्हिल्स टिअर आणि शेजारच्या चेनिंगान बेटाला जोडणारा तो फेमस पिवळा पूल. पोस्टकार्ड म्हणाल तर एकदम परफेक्ट. फक्त पोस्टकार्डात माणसं नव्हती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शटर ओढलेली डाइव्ह शॉप्स. एका हॉटेलच्या स्विमिंग पूलचं पाणी पालकाच्या सूपसारखं हिरवंगार. डेकचेअर्स एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या आणि बाहेरच्या फळ्यावर दोन वर्षांपूर्वी कुणीतरी खडूने लिहिलेलं ‘हॅपी अवर ५ ते ७’ पावसाने अर्धं पुसलेलं. आठ-दहा जागा उघडल्या होत्या, बाकीच्या वाट बघत होत्या.

आकडे फार देत नाही, पण थोडे ऐकाच. २०१९ मध्ये बालीत ६२ लाखांवर परदेशी पर्यटक आले होते. एप्रिल २०२० पासून इंडोनेशियाने दार बंद केलं आणि २०२१ या अख्ख्या वर्षात सरकारी नोंदीनुसार परदेशी पर्यटक आले एक्कावन्न. हजार नाहीत, लाख नाहीत. नुसते एक्कावन्न! त्या वर्षी १४ ऑक्टोबरला परदेशी पाहुण्यांसाठी विमानतळ उघडला, तर पहिलं थेट आंतरराष्ट्रीय विमान उतरायला फेब्रुवारी २०२२ उजाडावं लागलं. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, कारण २०२४ मध्ये आकडा पुन्हा ६३ लाखांवर गेला आणि त्यात ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल दुसरा नंबर आपला, म्हणजे भारतीयांचा होता. मी गेले ती या दोन्हींच्या मधल्या फटीत.

माझा यजमान घरातला थोरला मुलगा, म्हणून वायान. बालीत नाव जन्माच्या क्रमाने ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत आणि पाचवा झाला तर पुन्हा वायान. रस्त्यात ‘वायान’ अशी हाक मारली तर दहा जण वळून बघतात, त्यामुळे त्याचं नाव छापायला काहीच हरकत नाही. हा वायान एका बीच रिसॉर्टमध्ये बार सांभाळायचा. कर्ज काढून त्याने घराच्या आवारात चार खोल्या बांधल्या, त्याला दोन वर्षं होतायत तोच सगळं ठप्प. रिसॉर्टने आधी अर्धा पगार दिला, मग ‘दिरुमाहकान’. म्हणजे नोकरीवरून काढलं नाही, पण घरी बसवलं. मला हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. आमच्याकडेही असंच म्हणतात, आणि मलाही एकदा बसवलंय.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ जूनला, गालुंगान होता. धर्माचा अधर्मावर विजय झाला म्हणून साजरा करायचा सण, दर २१० दिवसांनी येणारा. प्रत्येक दारात उंच बांबू, त्याचं टोक वजनाने खाली झुकलेलं, अंगभर नारळाच्या झावळ्यांची नक्षी, भाताच्या लोंब्या, फळं. त्याला म्हणतात पेंजोर. मी चटकन म्हणाले, ‘अरे, ही तर आमची गुढी!’ मोबाइलवर गुढीचा फोटो दाखवला. वायानने तो झूम करून बघितला आणि सगळ्यात आधी विचारलं, ‘हा तांब्या उलटा का?’ यावर मी जे काही उत्तर दिलं ते इथे न छापलेलंच बरं.

त्याने हिशोब सांगितला. सप्टेंबर २०२०, एप्रिल २०२१, नोव्हेंबर २०२१. असे तीन गालुंगान पाहुण्यांशिवाय गेले. पेंजोर तिन्ही वेळा उभा राहिला, फक्त आदल्या दिवशीच्या डुकराच्या मटणात चार घरांनी वाटणी घातली.

मग घर चाललं कशावर? याचं उत्तर खिडकीतून दिसत होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. टेकडीवरून बघितलं की लेंबोंगान आणि चेनिंगानच्या मधल्या उथळ पाण्यात चौकोनच चौकोन दिसतात, हिरवट, तपकिरी, काळपट. समुद्रावर कुणीतरी गोधडी वाळत घातल्यासारखे. ती शेती आहे. समुद्री शेवाळाची. तळाशी खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोऱ्या ताणायच्या आणि दोरीला वीतभर अंतरावर शेवाळाचे तुकडे बांधायचे. महिना-दीड महिन्यात ते फुगतात. मग काढायचे, ताडपत्रीवर उन्हात वाळवायचे आणि व्यापाऱ्याला विकायचे. पुढे त्यापासून कॅरागीनन बनतं, जे तुमच्या-माझ्या आइस्क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्येही असतं. वाळताना वास असा येतो की पहिल्या दिवशी मी खिडकी लावून घेतली होती. समुद्रासमोरची खोली, निम्म्या भावात, आणि खिडकी बंद!

वायानची आई, जिला सगळे इबू म्हणतात, ती ही शेती पोरवयापासून करत आलीय. तिला इंग्रजी येत नाही, मला बाली भाषा येत नाही, मध्ये वायान. मंदीचा विषय काढला तर तिने बोटांवर मोजायला घेतलं. २००२ चा कुटामधला बॉम्बस्फोट, ज्यात २०२ माणसं गेली. २००५ चे पुन्हा स्फोट. २०१७ मध्ये आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि विमानतळ बंद पडला तो. ‘स्फोटांच्या वेळी इकडे फारसं काही वाटलं नाही,’ ती म्हणाली. ‘पाहुणे आले तर आले. दोरी पाण्यात होतीच.’

पुढे दोरी पाण्यात राहिली नाही. साधारण २०१४-१५ नंतर बेटावर खोल्या, बोटी, बार वाढले. शेवाळावर रोग पडत होता, भाव पडत होते आणि एका टेबलावर मिळणारी टीप शेवाळाच्या पोत्याला भारी पडत होती. शेती जवळजवळ संपली. त्यामुळे २०२० मध्ये पर्यटक थांबले तेव्हा प्रथमच असं झालं की बेटाकडे दुसरं काहीच नव्हतं. लोकांनी पुन्हा खुंट्या ठोकल्या. इबूने नात्यातल्या एकाकडून बियाण्याचे तुकडे उसने आणले आणि कॉकटेल्स हलवणाऱ्या मुलाला गाठी मारायला शिकवलं.

माझ्यातल्या पत्रकाराला इथे हेडलाइन सापडली, हे वेगळं सांगायला नको. बॅक टू रूट्स! मुळांकडे परत! मी मोठ्या उत्साहाने वायानला ती ऐकवली. तो हसत सुटला.

‘मिस, शेवाळाला मूळ नसतं. म्हणून तर बांधावं लागतं.’

मग त्याने हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत मिठाने चिरा पडल्या होत्या. इबूची कंबर सरळ होत नाही. पावसाची एक सर आली तर वाळत घातलेला माल वाया. भाव व्यापारी ठरवतो. बँकेने हप्ते पुढे ढकलले होते, माफ केले नव्हते. ‘दोन वर्षं जगलो ते यावर,’ तो म्हणाला, ‘पण माझ्या मुलीने हे करावं असं मला वाटत नाही.’

एक कबुली द्यायला हवी. स्नॉर्कलिंगच्या बोटीचा भाव त्याने सांगितला तेव्हा मी सवयीने निम्मा करून मागितला. तो ‘ओके’ म्हणाला, लगेच. घासाघीस करायची म्हणजे समोरच्याने थोडं तरी अडून बसायला हवं ना? तो अडलाच नाही आणि माझी सगळी मजा गेली. शेवटी पूर्ण पैसे दिले, त्यावर त्याला वाटलं मला बोट आवडली नाही, म्हणून गप्प बसवायला जास्त देतेय. जाऊ दे.

१३ तारखेला वायानला रिसॉर्टमधून मेसेज आला. बार पुन्हा उघडतोय, १ जुलैपासून ये, दुपारी तीन ते रात्री अकरा. पगार आधीपेक्षा कमी. दुपारच्या जेवणाला घरात कुणीच फारसं बोललं नाही. मला वाटलं आनंदाची बातमी आहे, हे एवढे गप्प का?

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. १४ जून, पौर्णिमा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला समुद्र मागे सरकला तो सरकतच गेला आणि सगळी वाडी पाण्यात उतरली. आजोबा, सुना, शाळकरी पोरं, टोपल्या, होडकी. उधाणाची ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात खाली जातं आणि जड कामं तेव्हाच उरकतात. पहाटेच्या ओहोटीला लोक कपाळाला टॉर्च बांधून उतरतात, पण संध्याकाळी उजेड असतो. आणि नेमकी तीच सनसेट कॉकटेल्सची वेळ!

मीही उतरले. इबू दहा गाठी मारायची तोवर माझी एक व्हायची, आणि तीही ती हळूच सोडून पुन्हा बांधायची. मध्येच आईचा फोन. ‘आज वटपौर्णिमा. कुठेयस? मागे कसला एवढा गलका?’ म्हटलं, शेतात आहे. आईला वाटलं रेंज गेली.

भिजलेल्या शेवाळाची टोपली इबूला एकटीला ओढवत नव्हती. वायान ओढत होता. वायानची बायको मुलीला कडेवर घेऊन होडकं धरून होती. तीन ते अकरा.

रात्री तो फोन घेऊन माझ्याकडे आला. नवा मॅनेजर परदेशी, तेव्हा इंग्रजी नीट हवं. आम्ही दोघांनी पाऊण तास एका मेसेजवर घालवला. १ जुलैला येतो, पगार मान्य. फक्त पौर्णिमा आणि अमावास्येला तीन-तीन दिवस सकाळची शिफ्ट द्यावी. कारण काय लिहायचं यावर अडलं. ‘घरगुती अडचण’ मी सुचवलं. त्याने ते खोडून लिहिलं, ‘लो टाइड.’

उत्तर माझ्या निघण्याच्या दिवशी सकाळी आलं. पौर्णिमेला दोन दिवस चालतील, अमावास्येचं नंतर बघू. वायानने ते आईला वाचून दाखवलं. इबू अंगणात ताडपत्रीवरचं शेवाळ उलटंपालटं करत होती. तिने मान वर न करता विचारलं, दोऱ्या किती आहेत आपल्या? साठ, तो म्हणाला.

‘चाळीस ठेवू,’ ती म्हणाली आणि काढायच्या वीस कोणत्या ते त्याला सांगू लागली.