गिज्दुवानचा पाहुणचार आणि आमची खर्चाची वही

दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर थोरलीने मोठ्या अक्षरात लिहिले होते, 'उझबेकिस्तान, नोव्हेंबर 2024'. खाली तिने पट्टीने रकाने पाडले होते. पासपोर्ट, व्हिसा, विमान, रेल्वे, जेवण, भेटवस्तू. सगळ्यांपुढे आकडे होते. फक्त 'राहणे' या शब्दापुढे तिने एक गोल शून्य काढले होते, कारण राहायचे मैत्रिणींच्या घरी होते. या शून्याने पुढे आम्हाला बरेच शिकवले, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

ही मैत्री झाली कोरोनाच्या काळात. शाळेला कुलूप, मुले घरात, आणि आम्ही मास्तर मंडळी मोबाईलसमोर. शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात उझबेकिस्तानच्या दोन शिक्षिका भेटल्या. एक ताश्कंदच्या, विद्यापीठात हिंदी शिकलेल्या. दुसऱ्या बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान गावच्या, इंग्रजी शिकवणाऱ्या. आम्ही ठरवले की दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या भाषेतले शब्द एकमेकांना सांगायचे. आमच्या मुलांनी उर्दूतून 'किताब' म्हटले, तिकडून 'कितोब' आले. बाजार, मैदान, दुनिया, दोस्त, मेहमान हे सगळे थोड्याफार फरकाने तिकडेही निघाले. 'दप्तर' म्हणताच आमच्या मुलांनी पाठीवरच्या पिशव्या दाखवल्या, तिकडच्यांनी वही उंचावली. त्यांच्याकडे दफ्तर म्हणजे वही. थोरल्या बहिणीला ते 'आपा'च म्हणतात आणि थोरल्या भावाला 'अका'. मराठीतल्या आक्काचा तिथे भाऊ झाला, म्हणून वर्ग पाच मिनिटे हसत होता.

शाळा उघडल्या, वर्ग बंद झाले, पण आम्ही तिघे बोलत राहिलो. ईदला व्हिडिओ कॉल, निकालाच्या दिवशी कॉल, कुणाच्या घरी मयत झाली तर कॉल. चार वर्षांत एकमेकांची स्वयंपाकघरे पाठ झाली. मग एकदा गिज्दुवानच्या आपा म्हणाल्या, "आता या ना."

मानवतमध्ये ही गोष्ट बाहेर पडताच सल्ले सुरू झाले. नात्यातल्या एका चाच्यांनी बजावले की मोबाईलवरची माणसे खरी नसतात. त्यांचे चूक नव्हते. आमच्या ओळखीच्या एकाला अशाच परदेशी 'दोस्ता'ने भेटीचे पार्सल पाठवल्याचे सांगितले आणि ते सोडवण्याच्या नावाखाली पैसे उकळले होते. म्हणून आम्ही काही गोष्टी आधीच ठरवल्या. चार वर्षांत दोघींनी एक रुपया मागितला नव्हता, ही पहिली खात्री. दोन्ही घरची सगळी माणसे, सासू-सासऱ्यांपासून लेकरांपर्यंत, कॉलवर येऊन बोलली होती. पहिली भेट सार्वजनिक जागीच घ्यायची, परतीचे तिकीट आधीच काढायचे आणि रोजचा पत्ता घरी कळवायचा. कुणी ऑनलाइन मित्राला भेटायला निघणार असेल, विशेषतः घरातली तरुण मुले, तर एवढे तरी पाळलेच पाहिजे.

अम्मींचा प्रश्न वेगळा होता. त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशात एका माणसाचा उमरा होतो." त्यांचा हिशेब बरोबर होता. भिशीचे दीड लाख हातात आले होते आणि ते कशावर घालायचे याचा अधिकार घरातल्या सगळ्यांना होता. त्यांच्या उमऱ्यासाठी आम्ही दुसरी भिशी लावली, त्यांनी होकार दिला, पण तो मनापासून होता असे आम्ही म्हणणार नाही.

आता आकडे, कारण वाचकांना तेच हवे असतात. मोठ्या माणसाच्या पासपोर्टची फी 1500 रुपये, अठराच्या आतल्या मुलांची 1000. आम्ही दोघे आणि थोरली मिळून 4000. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एकदा प्रवेशाचा, माणशी 20 डॉलर. तिघांचे कार्डाच्या खर्चासह सुमारे 5100 रुपये झाले. दिल्ली-ताश्कंद थेट विमान, जाऊन-येऊन माणशी 24,600. हे तिकीट आम्ही तीन महिने आधी काढले. परभणीहून दिल्लीला सचखंड एक्स्प्रेसच्या स्लीपरने, तिघांचे जाणे-येणे 4000 च्या आसपास. तिकडची रेल्वे आणि टॅक्सी 12,000, जेवण आणि किरकोळ 15,000, भेटवस्तू 4000. बेरीज 1 लाख 17 हजार 900. सरकारी पगार घेणाऱ्या शिक्षकाला परदेशी जायला परवानगी लागते हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळते. आमचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दोन महिने लागले. अर्ज तिकिटाच्या आधी करा, नंतर नाही.

दिवाळीची सुटी निवडली, कारण मे महिन्यात परभणी भाजते आणि उन्हाळ्यात बुखाराही तितकाच भाजतो. तिथे जाऊन तेच ऊन कशाला खायचे?

सप्टेंबरमध्ये एका कॉलवर गिज्दुवानच्या आपांच्या मागे भिंतीला रंग चाललेला दिसला. शिडीवर त्यांचा मुलगा होता. "काय, शादी आहे का घरात?" आम्ही विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मेहमान येणार आहेत." पुढच्या आठवड्यात नवे पडदे दिसले. त्याच्या पुढच्या आठवड्यात नव्या गाद्या.

त्या रात्री झोप आली नाही. आमच्या लहानपणी घरी पाहुणे आले की अब्बा पुढच्या खोलीत "अरे बसा बसा, जेवूनच जा" म्हणत आणि अम्मी आम्हाला मागच्या दाराने किराणा दुकानावर पिटाळत. साखर पाव किलो, चहापत्ती, अंडी सहा, आणि "वहीत लिहून ठेवा म्हणावं." पाहुण्याला ती उधारी कधी दिसली नाही. आता आम्ही पाहुणे होतो आणि आमच्या वहीतले शून्य दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत आकडा होऊन बसणार होते. आपाही आमच्यासारख्याच मास्तरीण. ताश्कंदच्या मैत्रिणीला आम्ही सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे म्हण आहे, मेहमान बापापेक्षा मोठा. ती उसने घेईल, पण तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही आठ दिवस राहिलात तर आठही दिवस दस्तरखान भरलेले असेल."

म्हणून वही पुन्हा उघडली. बुखाऱ्यात आणि समरकंदात मिळून पाच रात्री साध्या गेस्टहाउसचे 2400 प्रमाणे 12,000 रुपये लिहिले. ताश्कंदला मैत्रिणीकडे दोन रात्री, कारण त्यांच्याकडे खोली रिकामी होती आणि त्या स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. गिज्दुवानला फक्त एक रात्र. एकूण 1 लाख 29 हजार 900. नियमाच्या दृष्टीनेही हे सोपे पडले. तीन दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर परदेशी माणसाची नोंदणी व्हावी लागते. हॉटेलवाले ती स्वतः करतात, घरी उतरलात तर ते काम घरमालकाच्या गळ्यात पडते.

आपांना हे कळवले तेव्हा त्यांनी फोन ठेवून दिला. दोन दिवस निरोप नाही. तिसऱ्या दिवशी आला, "एक रात्र, पण एक जेवण तुम्ही बनवायचे. तुमच्या गावचे." आम्ही लगेच हो म्हटले आणि सामानात दोन किलो ज्वारीचे पीठ बांधले.

परभणी ते दिल्ली एक दिवस आणि एक रात्र लागली, दिल्ली ते ताश्कंद जेमतेम तीन तास. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत लहानाचे मोठे झालेल्या माणसांना हे गणित पचायला वेळ लागतो. ताश्कंदच्या मैत्रिणीने ठरल्याप्रमाणे विमानतळावरच गाठले, आणि चार वर्षे पडद्यावर पाहिलेला चेहरा समोर आला तेव्हा दोघींनाही आधी काही सुचेना. त्यांनीच आम्हाला लालबहादूर शास्त्रींचा पुतळा दाखवला. 10 जानेवारी 1966 रोजी ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी तिथे वारले, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. तेव्हा, 2024 मध्ये, एका रुपयाला सुमारे दीडशे सोम मिळत होते, त्यामुळे शंभर डॉलर बदलताच थोरली लखपती झाली. समरकंदच्या रेगिस्तानाबद्दल लिहायला हात शिवशिवतो, पण त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. फक्त एक सांगतो. परतल्यावर मोहल्ल्यात अनेकांनी विचारले, "बुखाऱ्यात इमाम बुखारींची जियारत झाली का?" इमामसाहेब जन्मले बुखाऱ्यात, पण त्यांची मजार समरकंदजवळच्या खरतंग गावी आहे. जाणाऱ्यांनी त्याप्रमाणे रस्ता आखावा.

बुखाऱ्याहून गिज्दुवान चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. शेअर टॅक्सीने निघालो तर दोन्ही बाजूंना कापूस. वेचणी संपत आलेली, काळ्या पडलेल्या पऱ्हाट्या, कुठे कुठे राहिलेले पांढरे बोंड. मानवतच्या माणसाला कापूस ओळखायला शिकवावे लागत नाही. दिवाळीनंतर आमच्या बाजार समितीकडे जाणारा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला असतो.

आपा दारात उभ्या होत्या. मिठी मारली आणि इतक्या रडल्या की सासूबाईंनीच त्यांना आत नेले. दस्तरखानावर नान, सुका मेवा, हलवा, डाळिंबे आणि एक नारिंगी, टोमॅटोसारखे दिसणारे फळ. "खुरमो," आपा म्हणाल्या. आम्ही शीरखुर्म्याच्या खुरम्याची चव मनात धरून चावा घेतला, तर हे वेगळेच फळ, मधासारखे गोड. सब्जीचेही तसेच झाले. पुलावात किलोभर 'सब्जी' घातली असे त्यांनी सांगितले तेव्हा आम्ही कोणती म्हणून विचारत राहिलो. त्यांची सब्जी म्हणजे गाजर! चहा मात्र अर्ध्याच पियालीत. थोरली कानात कुजबुजली, "चहाला एवढी काटकसर?" नंतर कळले, अर्धी पियाली म्हणजे मान. पाहुण्याला पुन्हा पुन्हा ओतून द्यावी म्हणून. काठोकाठ भरली तर समजायचे की आता उठा.

त्या पियालीवर निळ्या रंगात कापसाचे बोंड काढलेले होते. आम्ही ते बोटाने दाखवले तेव्हा आपा थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सांगू लागल्या. त्या शाळेत होत्या तेव्हा शरद ऋतू आला की शाळा बंद आणि सगळी मुले कापूस वेचायला. पुढे त्या शिक्षिका झाल्या तेव्हा शिक्षकांनाही पाठवत. रोज किती किलो वेचायचा ते ठरलेले. थंडीत बोटे फुटायची. ही पद्धत अगदी अलीकडे मोडली. 2021 च्या हंगामात पद्धतशीर सक्ती उरली नाही, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2022 मध्ये जाहीर केले. आम्ही त्यांना सांगितले की आमच्याकडे कुणी सक्ती करत नाही, तरी वेचणीच्या दिवसांत वर्गातले बाक रिकामे होतात. आई-बाप मजुरीला आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला. आपांनी विचारले, "मग तुम्ही हजेरीत काय लिहिता?" त्यावर आम्ही दोन्ही देशांचे मास्तर एकमेकांकडे पाहून कसनुसे हसलो.

संध्याकाळी भाकरी. तवा नव्हता, म्हणून लोखंडी कढई पालथी घातली. पहिल्या दोन मोडल्या, तिसरी जमली. सासूबाईंनी पीठ चिमटीत घेऊन हुंगले आणि म्हणाल्या, "जोखोरी!" तेच धान्य, नावही जवळपास तेच. मिरचीचा ठेचा त्यांच्या मुलाने पैज लावून खाल्ला आणि अर्धा तास अंगणात फेऱ्या मारल्या.

जेवणानंतर आम्ही मोबाईलवर पाणचक्कीचे छायाचित्र दाखवले. औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेने सहलीत पाहिलेली असते. पण तिथे दफन असलेले नक्शबंदी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर हे याच गिज्दुवानचे, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत असते? सतराव्या शतकात ते इथून निघून दख्खनला आले. त्यांच्या खानकाहत दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून चक्की फिरवली गेली आणि तिथे येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी त्यावर धान्य दळले जाई. आपांच्या सासऱ्यांनी चष्मा लावून छायाचित्र बराच वेळ पाहिले. त्यांना हे नाव ठाऊक नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "आमच्या गावच्या माणसाला तिथे कुणी घरात घेतले होते?" आम्हाला उत्तर आले नाही.

निघताना आम्ही आणलेली हिमरूची शाल सासूबाईंच्या खांद्यावर घातली. त्यांनी आमच्या पिशवीत पाच नान, गिज्दुवानच्या मातीची एक रंगीत थाळी आणि दोन किलो खुरमो कोंबले. आमच्या भेटीचे मोल तिथेच फिटले आणि वर उरले. थोरलीने वहीत 'आपांचा खर्च' असा एक नवा रकाना पाडला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. ते अजून तसेच आहे.

गेल्या महिन्यात आपांचा कॉल आला. पुढच्या वर्षी नवरा-बायको दोघे भारतात येणार आहेत, दिल्ली, आग्रा आणि मग मानवत. तिकिटांचा हिशेब त्यांनीही मांडला आहे. बोलता बोलता त्यांनी सहज विचारले, "मानवतमध्ये एखादे स्वस्त गेस्टहाउस आहे का?"

आम्हाला इतका राग आला की फोन ठेवून दिला.