कट्टा, गुट्टा, चेरुवू

चिक्कडपल्लीत चालताना उतार पायांना कळत नाही, पाण्याला कळतो. आरटीसी क्रॉस रोडच्या सिनेमागृहांपासून नारायणगुड्याकडे जाणारा रस्ता सपाटच वाटतो. इडलीच्या बंड्या, त्यागराय गान सभेबाहेर लावलेल्या चपला, सिटी सेंट्रल लायब्ररीच्या आवारात झाडाखाली बसून स्पर्धा परीक्षांची पुस्तकं पाठ करणारी मुलं, सगळं एका पातळीवर. पण थोडं आत वळलं की एक नाला लागतो. हुसेनसागर भरला की त्याच्या सांडव्याचं पाणी याच नाल्यानं अशोकनगर, बागलिंगमपल्ली, नल्लकुंटा असं करत मुशी नदीला जातं.

आमच्या इमारतीतले काका मूळचे उदगीरचे, नोकरीनिमित्त इथे आले आणि इथलेच झाले. 1922 साली स्थापन झालेल्या इथल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचे ते जुने सभासद. 24 ऑगस्ट 2000 ला हैदराबादेत एका दिवसात सुमारे 24 सेंटिमीटर पाऊस पडला, तेव्हा ते नाल्याला लागून असलेल्या एका बैठ्या घरात भाड्यानं राहत होते. पहाटे पलंगाच्या पायांशी पाणी आलं. ऑक्टोबर 2020 मध्ये शहर पुन्हा बुडालं, तेव्हा ते तिसऱ्या मजल्यावर होते, तरी रात्रभर गॅलरीत उभे राहिले. यंदा थंडी सुरू झाली तशी एके संध्याकाळी ते म्हणाले, "पाणी दोनदा आपल्या दारी येऊन गेलं. आपण एकदाही त्याच्या घरी गेलो नाही. येतोस का?"

असे चार रविवार ठरले. नाल्यापासून उलट, वरच्या दिशेनं.

पहिला रविवार जवळचाच. इंदिरा पार्कच्या बाजूनं दोमलगुडा ओलांडून लोअर टँक बंडवर आलं की हुसेनसागर दिसत नाही, दिसतो फक्त त्याचा बांध, डोक्याच्या वर. तळ्याची खरी उंची समजायची असेल तर ही खालची वाट धरावी. इथेच कट्ट मैसम्माचं देऊळ आहे. तेलुगूत कट्ट म्हणजे बांध, आणि मैसम्मा त्याची राखणदार. आपल्याकडे विहिरीच्या काठी शेंदूर लावलेल्या साती आसरा असतात, तशीच ही. पावसाळ्यात बांध फुटू नये म्हणून तिला साकडं घालायचं. ज्यांची घरं बांधाच्या खाली आहेत त्यांना या श्रद्धेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. काकांनी नारळ फोडला.

पायऱ्या चढून वर गेलो आणि पाणी एकदम समोर आलं. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, 1562 च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली हा तलाव बांधला गेला. म्हणजे चारमिनारच्या आधी जवळजवळ तीस वर्षं. पुढे या बांधानंच हैदराबाद आणि सिकंदराबाद जोडली. पाण्याच्या मधोमध जिब्राल्टर खडकावर उभा असलेला अखंड ग्रॅनाइटचा बुद्ध सगळ्यांना ठाऊक आहे. 1990 मध्ये तराफ्यावरून नेताना तो तळ्यात बुडाला, बरोबर माणसंही गेली. दोन वर्षं मूर्ती तळाशी होती आणि 1 डिसेंबर 1992 ला ती उभी राहिली. तो दगड भोनगीरजवळच्या रायगीरचा. ज्या जातीच्या खडकानं हे सगळं पठार बनलं आहे, त्याच जातीचा.

दक्षिण टोकाला काळा पहाड आणि नौबत पहाड अशा दोन टेकड्या. नौबत पहाडावरून पूर्वी नगारे वाजवून शाही फर्मानं जाहीर होत. आता तिथे तारांगण आहे, आणि शेजारच्या टेकडीवर 1976 मध्ये उघडलेलं संगमरवरी बिर्ला मंदिर, ज्यात घंटा मुद्दाम बांधलेल्या नाहीत. वर उभं राहिलं की तळं, बांध आणि बांधाखालची आपली वस्ती एका नजरेत येते. काकांनी बोटानं चिक्कडपल्ली दाखवली. ती तळ्याच्या पाण्यापेक्षा खाली दिसत होती, आणि ते कळल्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

परतताना मासाब टँकपर्यंत चालून आलो. गोवळकोंड्याची मांसाहेबा हयात बक्षी बेगम, तिच्या नावाचा हा तलाव. नावात टँक आहे, जागेवर रस्ता, उड्डाणपूल आणि इमारती. या शहरात अशी नावं वाचत गेलं तर बुजलेल्या पाण्याचा नकाशा आपोआप तयार होतो. 'कुंटा' म्हणजे लहान तळं, 'चेरुवू' म्हणजे मोठं. नल्लकुंट्यात आज कुंटा शोधून सापडत नाही.

दुसऱ्या रविवारी मेट्रो. चिक्कडपल्ली स्थानकातून परेड ग्राऊंड, तिथे गाडी बदलून थेट दुर्गम चेरुवू. खिडकीतून बंजारा आणि ज्युबिली हिल्सच्या टेकड्या दिसतात. 1930 च्या दशकात मेहदी नवाज जंग यांनी बंजारा हिल्सच्या खडकांतच घर बांधलं, तेव्हा भोवती माळरान होतं. रवींद्रनाथ ठाकूर तिथे राहिले आणि या टेकड्यांवर त्यांनी कविता लिहिली. आज तिथे खडक पाहायला मोकळी जागा शोधावी लागते. त्यातल्या त्यात केबीआर राष्ट्रीय उद्यानाचं कुंपण धरून चाललं तर सकाळी मोर दिसतात, ते बरं वाटतं.

दुर्गम चेरुवूला पूर्वी 'गुप्त तळं' म्हणत, कारण टेकड्यांच्या कुशीत ते लांबून दिसतच नसे. गोवळकोंडा किल्ल्याला पाणी इथून जाई. सप्टेंबर 2020 पासून त्यावर केबल पूल आहे आणि रात्री तो रंगीत दिव्यांनी उजळतो. आम्ही सकाळी गेलो, त्यामुळे दिव्यांऐवजी दगड पाहायला मिळाले.

आणि दगडांपाशी थोडं थांबायलाच हवं. सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी माणसाला हा देश आधी बुचकळ्यात टाकतो. आपला काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांचा. त्याचे कडे, पठारं आणि पायऱ्या होतात, आणि त्याचं वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. हैदराबादचा ग्रॅनाइट त्याचा पणजोबा शोभेल असा, अडीचशे कोटी वर्षांचा. तो जमिनीखाली थंड झाला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी मुरत गेलं, कोपरे झिजले, चौकोनी ठोकळे मातीच्या आतच गोल होत गेले. मग वरची माती वाहून गेली आणि हे गोटे एकावर एक तोललेले उघडे पडले. कांद्याच्या पापुद्र्यासारखी त्यांची साल निघते. पाहणाऱ्याला वाटतं कुणी तरी नेऊन रचले. खरं तर कुणीच हलवले नाहीत, आजूबाजूचं तेवढं निघून गेलं.

खाजागुड्याच्या टेकड्या म्हणजे याचं उत्तम दर्शन. तेलुगूत गुट्टा म्हणजे टेकडी, म्हणून हिला फखरुद्दीन गुट्टा असंही म्हणतात. पायथ्याशी दर्गा आहे, अनंत पद्मनाभाचं देऊळ आहे आणि वर एक गुहा, जिथे 1951 मध्ये मेहेर बाबांनी काही काळ एकांतात घालवला. पुण्यात जन्मलेल्या, नगरजवळ मेहेराबाद वसवलेल्या या साधूचा माग इथे सापडेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. वाट अशी आखलेली नाही. गोट्यांमधून शरीर तिरकं करून निघायचं, उघड्या खडकावर तळवा पूर्ण टेकवून चढायचं. कोरड्या ग्रॅनाइटवर बूट घट्ट धरतो; ओल्या बेसॉल्टवर घसरायची सवय असलेल्याला ही मोठीच चैन. मध्येच एक शेळ्या राखणारा पोरगा ओरडला, "उधर नक्को जाओ साब, साँप निकलता!" काका हसले. दखनीतलं ते 'नक्को' आपल्याच 'नको'चं. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे जिल्हे होते. शब्द तेव्हाही सरहद्दी विचारत नव्हते.

चढताना खडकाच्या कडेला एका ओळीत चौकोनी भोकं दिसतात. त्यात पाचर ठोकून दगड फोडतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या वड्डेरांनी केलं, ज्यांना आपण वडार म्हणतो. त्यांच्या छिन्नीनं घरांचे पाये झाले, टेकडी मात्र उरली. सुरुंग आणि जेसीबी आल्यावर अख्खी टेकडीच एका मोसमात सपाट होऊ लागली. 1996 मध्ये काही नागरिकांनी 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' स्थापन केली. ती खडकांमधल्या पदयात्रा काढते, खडकांना वारशाचं संरक्षण मिळावं म्हणून झगडते. हैदराबादचे इतिहासकार नरेंद्र लूथर यांनी याच खडकांवर माहितीपट केला. दुर्गम चेरुवूभोवतीच्या टेकड्या आणि हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातला 'मशरूम रॉक' वारशाच्या यादीत आले ते अशा चिकाटीमुळे. त्याच विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या 400 एकरांत झाडं पडू लागली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले आणि 3 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली.

माथ्यावरून पाहिलं तर एका बाजूला काचेचे मनोरे, दुसऱ्या बाजूला उरलेले गुट्टे, आणि त्यांच्या मधल्या खोलगट भागांत ठिकठिकाणी पाणी. इथे मला या प्रवासाची किल्ली मिळाली. खडकावर पाऊस मुरत नाही, तो घसरून खाली येतो. त्या घसरणीच्या वाटेवर जुन्या लोकांनी बांध घातले. वरचं तळं भरलं की त्याच्या 'अलुगु'वरून, म्हणजे आपल्या सांडव्यावरून, पाणी खालच्या तळ्यात. याला तेलंगणात 'गोलुसुकट्टु' म्हणतात, साखळीनं बांधलेली तळी. काकतीयांच्या काळापासून ही रीत आहे. त्यामुळे इथे टेकडी वेगळी आणि तळं वेगळं असं नसतंच. टेकडी फोडली की तळ्याचं अंगण जातं. साखळीतलं एक तळं बुजवलं की त्याच्या वाट्याचं पाणी कुणाच्या तरी पलंगाखाली येतं.

तिसऱ्या रविवारी गंडीपेट. जुन्या हैदराबादी घरांत अजून 'गंडीपेट का पानी' हे शब्द मायेनं उच्चारतात. या तलावाच्या मागे मोठं दुःख आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुशीला महापूर आला आणि हजारो माणसं वाहून गेली. अफझलगंजातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांचा सल्ला असा की पूर शहरात अडवता येणार नाही, तो वरच अडवा. मग मुशीवर 1920 मध्ये उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेट, आणि ईसा नदीवर 1927 मध्ये हिमायतसागर बांधून झाले. पूर थोपवायला बांधलेल्या धरणांनी शहराला प्यायला पाणी दिलं.

बांधावरून चालताना वारा इतका होता की काकांनी मफलर कानांना गुंडाळला. पूर्ण भरल्यावर इथली पातळी 1,790 फूट असते. पश्चिमेला पाणी थेट आभाळाला टेकलेलं, पूर्वेला सांडव्याखाली मुशीचा बारीक ओघळ, लव्हाळ्यांतून वाट काढत शहराकडे निघालेला. 1996 च्या सरकारी आदेश क्रमांक 111 नं दोन्ही तलावांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध घातले होते. हैदराबादेत 'ट्रिपल वन' म्हटलं की रिक्षावाल्यालाही विषय कळतो. 2022 मध्ये सरकारनं तो आदेश मागे घ्यायचं ठरवलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, आणि बांधावर उभं राहून दोन्ही बाजूंना पाहिल्यावर तर अधिकच.

चौथा रविवार रेल्वेचा. विकाराबाद जंक्शन काकांच्या आयुष्यात दर सुट्टीत येऊन गेलेलं. इथूनच एक फाटा बीदर, उदगीर, लातूर रोडवरून परळीला जातो. "चाळीस वर्षं इथून गेलो," ते फलाटावर उतरताना म्हणाले, "पण नेहमी रात्री, आणि नेहमी झोपेत."

अनंतगिरीचं रान स्टेशनापासून जवळच आहे. पूर्वी इथे क्षयरोग्यांना हवापालटासाठी आणत, त्यासाठी उभारलेलं रुग्णालय वाटेत लागतं. पाऊलवाट सागाच्या आणि बांबूच्या सावलीतून उतरते, माती लाल जांभ्याची, आणि मध्येच पायाखाली काळा दगड लागला. आपला दगड. दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड इथवर येऊन थांबली आहे. काका वाकले, हातात घेऊन पाहिला, पुन्हा होता तिथे ठेवला. अनंत पद्मनाभ स्वामींच्या देवळाखालच्या घळीत मुशीचा उगम मानतात. खाली कुंड आहे, आसपास तपस्व्यांच्या गुहा आहेत. पलीकडच्या दामगुंडमच्या रानात नौदलाच्या रडार केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर 2024 मध्ये झाली, आणि उगमाच्या काळजीनं लोकांनी विरोधही केला. ते रान आम्ही लांबूनच पाहिलं.

कुंडातलं पाणी हिरवट आणि अगदी शांत होतं. इथून निघून ते गंडीपेटला अडतं, लंगरहौजजवळ बापूघाटाशी ईसेला भेटतं, शहर ओलांडतं, आमच्या नाल्याला पोटात घेतं आणि नलगोंड्यात वाडपल्लीला कृष्णेला मिळतं. काकांनी चपला काढल्या, पायरीवर बसून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला आणि विचारलं, "ईसा राहिली. तिचं घर कुठे रे?"

मी नकाशा उघडला. पुढच्या रविवारी हिमायतसागरच्या बांधावरून सुरुवात करायची, एवढं तिथेच ठरलं.