अंगावरचे दूध

चातुर्मास सुरू झाला की आमच्या किन्हीराजाच्या घरात पाण्याची शिस्त अधिकच कडक होते. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, उकळायचे आणि सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरायचे. अशा घरात गेल्या श्रावणात माझ्या पाच महिन्यांच्या नातवाला जुलाब लागले, तेव्हा काळजीच्याही आधी मला नवल वाटले.

मुलगी राखीसाठी माहेरी आली होती. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी एरवीही पातळ, पिवळसर आणि दाणेदार असते; दिवसातून अनेकदा झाली तरी तो आजार नव्हे. पण त्या दिवशी दुपारपर्यंत सहा वेळा निव्वळ पाण्यासारखी शी झाली होती आणि तिला वासही वेगळा होता. मी मुलीला म्हणाले, “आज त्याला पाजू नकोस. पोटाला जरा विसावा मिळू दे.”

वाक्य तोंडातून गेले आणि मी जागच्या जागी थबकले. ते वाक्य माझे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी याच घरात, याच ओसरीवर माझ्या सासूबाई ते मला म्हणाल्या होत्या.

माझे पहिले बाळ तेव्हा चार महिन्यांचे होते. सासूबाई कठोर नव्हत्या. स्वतःचे पोट बिघडले की त्या उपवास करीत आणि बऱ्या होत. तोच उपाय त्यांनी मायेने नातवाला सांगितला. दोन दिवस आम्ही त्याला जायफळाचे चाटण आणि चमचाभर पेज दिली. माझी छाती दुधाने दाटून आली होती आणि बाळ भुकेने रडत होते. दुसऱ्या रात्री ते रडायचे थांबले. आम्हाला वाटले, आराम पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून मालेगावला नेले, पण तोवर उशीर झाला होता. बाळाचे ते गप्प होणे आराम नव्हता, अंगातले पाणी संपल्याची खूण होती, हे मला फार उशिरा कळले.

या वेळी मी मुलीला म्हटले, “माझे ऐकू नकोस. त्याला आधी जवळ घे.” आणि गल्लीतल्या आशाताईंना बोलावणे धाडले.

त्या आल्या, बाळाची टाळू पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, लघवी केव्हा झाली ते विचारले. मग म्हणाल्या, “काकू, दूध बंद करायचे नाही, उलट वाढवायचे. बाळ मागेल तेव्हा आणि मागेल तितका वेळ पाजू द्या. शीवाटे जे पाणी जाते ते यातूनच भरून निघते, आणि आतड्याला बरे करणारे गुणही याच दुधात आहेत.” जोडीला ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली. प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, तेही बाटलीने नव्हे, वाटी-चमच्याने. तयार केलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यायचे. झिंकची अर्धी गोळी, म्हणजे 10 मिलिग्रॅम, आईच्या दुधात विरघळवून रोज एकदा, 14 दिवस. जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरे करायचे.

जाताना त्यांनी विचारले, “वरचे काही देता का?” मी कोनाड्यातली गुटीची सहाण दाखवली. पावसाळी हवेत ती उघडीच पडलेली होती. त्या काही बोलल्या नाहीत, मला समजले. पाणी गाळणाऱ्या, उकळणाऱ्या आमच्या घरात सहाणेकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय गुटी नको आणि वरचे पाणीही नको.

मीठ-साखरेच्या पाण्याची किंमत जगाला आपल्याच देशातून कळली. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. माझे बाळ गेले ते त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी. ज्ञान होते, आमच्या ओसरीपर्यंत आले नव्हते.

रात्री प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, “आता कसे?” मी म्हणाले, “नियम ज्याने घेतला त्याचा. बाळाने कोणता नियम घेतला आहे?” रात्रभर मायलेकी आळीपाळीने जागलो. मुलीने त्या श्रावणात तीन उपवास योजले होते. तेही मी पुढे ढकलायला सांगितले. पाजणाऱ्या आईने पोटभर खाणे, पाणी पिणे ही बाळावरची दयाच आहे. तपाला पुढची वर्षे आहेत.

पाचव्या दिवशी शी पूर्ववत झाली. पण बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, तर जुलाब लागताच डॉक्टर गाठावा. मोठ्या बाळाचीही टाळू किंवा डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शीत रक्त दिसले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, किंवा बाळ सुस्तावून दूध ओढेनासे झाले, तर घरी एक घटकाही थांबू नये. दवाखान्याच्या वाटेवरही पाजत राहावे.

माझ्या वयाच्या भगिनींना एवढेच सांगणे आहे. सुनेला, लेकीला आपण जे सांगतो, ते त्या ऐकतात. म्हणून आजारी तान्ह्याला उपवास सांगू नका.