नालवाडीवरून सेवाग्रामास

वर्ध्याला अगदी लागून नालवाडी. साबरमतीच्या आश्रमात घडलेले विनोबा १९३२ साली येथे राहावयास आले. त्या आश्रमाच्या प्रार्थनेला सूर दिला होता पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य १९१८ साली आश्रमात गेले. मैफली गाजवायच्या सोडून सूत कातणाऱ्या रांगड्या गळ्यांना त्यांनी एकत्र गावयास लावले. नाना भाषांतली पदे निवडून ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. १९३० साली दांडीयात्रेत ते भजने गात चालले. १९३८ साली हरिपुऱ्यास निवर्तले. गवई स्वतःच्या गळ्याने मोठा होतो. खरे दुसऱ्यांच्या गळ्याने मोठे झाले. नालवाडीस याल तेव्हा सांजवेळी जवळच्या सेवाग्रामास जा, प्रार्थनेत बसा आणि गळा नसला तरी गा!